चादरींचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या विहीणबाई चार दिवस इस्पितळात होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन, दुर्बिणीचं, काळजीचं काही नव्हतं. भेटायला गेले, खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, आणि चौकशी करता करता माझा हात आपोआप चादरीच्या कोपऱ्याकडे गेला. कोपरा उलटा केला, कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, खिडकीच्या उजेडाकडे जरा धरलं. विहीणबाई बैलहोंगलकडच्या, बोलायला मोकळ्या. टाके दुखत असतानाही हसू आवरेना त्यांना. "एन्री बीगरे, चादर ओय्तीरेनु?"

नेत नव्हते हो! पण सव्वीस वर्षांची सवय अशी जात नाही.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे की मी नोकरी इस्पितळात केली. पण डॉक्टर नाही, नर्स नाही, मग काय, असं अजूनही कोणी कोणी विचारतं. मी कपड्यांच्या खात्यात होते. आपल्याच भागातलं एक दीडशे खाटांचं धर्मादाय इस्पितळ. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात सगळंच कौतुकाचं नाही. चादरी, ड्रॉ शीट, अभ्रे, ब्लँकेटं, रुग्णांचे झगे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन आणि टॉवेल, बाळंतिणींच्या वॉर्डातली दुपटी, हे सगळं माझ्या रजिस्टरात. हरवलं तर जबाबदारी माझी, फाटलं तर खुलासा माझा.

घरात दोन माणसं असली तरी चादरी आठ-दहा लागतात, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पण इस्पितळाच्या ट्रस्टींना ते दरवर्षी सांगावं लागे. "बाई, खाटा दीडशे आणि चादरी नऊशे? हे काय लग्नघर आहे का?" मग मी बोटं मोडून दाखवायची. एक चादर खाटेवर. एक वॉर्डाच्या कपाटात, कारण रात्री दोन वाजता रुग्णाला उलटी झाली तर तेव्हाच बदलायची असते. एक धुलाईत. एक जाण्या-येण्याच्या वाटेवर. एक मुख्य भांडारात घडी होऊन पडलेली, कारण सुती कापडालाही धुण्या-इस्त्रीनंतर एखादा दिवस विसावा मिळाला तर ते जास्त टिकतं. आणि एक अडीअडचणीला. खाटेमागे साधारण पाच ते सहा जोड, हा इस्पितळ चालवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. तीनच जोड ठेवले तर पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण तीच चादर आठवड्यातून चार वेळा उकळली जाते, वर्षाच्या आत जाळी होते आणि पुन्हा खरेदीला निघावं लागतं.

मी लागले तेव्हा धुलाई एका मडिवाळ कुटुंबाकडे होती. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मराठीत परीट, कन्नडात मडिवाळ. आणि 'मडी' म्हणजे धुतलेलं, सोवळ्याचं. किती मोठा शब्द या कामाला चिकटलेला आहे पाहा! बाराव्या शतकातले बसवण्णांच्या काळचे शरण मडिवाळ माचिदेव हेच काम करत. १ फेब्रुवारीला त्यांची जयंती असते. इकडे महाराष्ट्रात गाडगेबाबा परिटाच्याच घरात जन्मले. इतकी थोर परंपरा, आणि मामांना मात्र इस्पितळात मागच्या दारानं यावं लागे.

मामांकडून मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नंतर वाचलं तेव्हा हसूच आलं. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाणी लागलं की रक्त शिजतं, कापडात बसतं आणि मग काही केल्या निघत नाही. आयोडिनचा डाग पडला तर छायाचित्राच्या स्टुडिओतून 'हायपो' आणायचा, त्यात तो विरघळतो. कपड्यांवर खूण करायला मामांचे वडील बिब्बा वापरत. बिब्ब्याची काळी खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. इंग्रजांनी त्या फळाला नावच 'मार्किंग नट' दिलं ते यामुळे. पण बिब्बा अंगावर उततो. एकदा एका लहान मुलाच्या पाठीवर चट्टा उठला आणि आम्ही बिब्बा सोडून वॉर्डावॉर्डाचा वेगळा रंगीत दोरा शिवायला लागलो. बाळंतिणींचा गुलाबी, पुरुषांचा निळा, ऑपरेशनचा पिवळा.

एक गोष्ट मात्र मामांनाही कळत नव्हती. काही चादरी धुऊन आल्या की त्यांच्यावर तपकिरी डाग उमटलेले असत. जाताना नसत, येताना असत! मामा म्हणायचे वॉर्डात काहीतरी सांडतात, सिस्टर म्हणायच्या मामा गंजक्या पिपात धुतात. दोन वर्षं हे भांडण चाललं. शेवटी फार्मसीतल्या एका मुलानं उलगडा केला. जखमा पुसायच्या जंतुनाशकात क्लोरहेक्झिडिन असतं. त्याचा अंश कापडात राहिला आणि वर ब्लीचिंग पावडर पडली की दोघांचं मिळून ते तपकिरी होतं, आणि तो डाग कायमचा. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. डाग पडला म्हणून मामा आणखी ब्लीच टाकत, त्यानं कापड जळे आणि डाग तसाच. किती चादरी अशा गेल्या असतील!

आता मुख्य गोष्ट सांगते. २००७ सालच्या मार्चअखेर मोजणी झाली. रजिस्टरात नऊशे चादरी, हाताशी लागल्या ५६१. तीनशे एकोणचाळीस चादरींचा पत्ता नाही. व्यवस्थापक नवे होते, हुशार होते, हिशेबाला पक्के होते. त्यांनी एका दिवसात निष्कर्ष काढला: चोरी. आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गेटवर पिशव्यांची झडती सुरू झाली.

झडती कोणाची? आयांची, झाडूवाल्या बायकांची आणि मामांच्या मुलाची. पहिल्या दिवशी रांगेत एक मावशी होत्या, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, वीस वर्षांची नोकरी झालेल्या. वॉचमननं त्यांची पिशवी उलटी केली. डब्यात वॉर्डातल्या कोणीतरी न खाल्लेली अर्धी भाकरी होती, नातवासाठी घेतलेली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. भाकरी उचलून पुन्हा डब्यात ठेवली आणि गेल्या. मी तिथेच उभी होते. माझी पिशवी कोणी उघडली नाही.

मी व्यवस्थापकांकडे गेले आणि म्हटलं, मला दोन महिने द्या. चादरी कुठे जातात ते मी शोधते. नाही सापडलं तर माझ्या पगारातून कापा. हे शेवटचं वाक्य बोलून बाहेर आले आणि पाय लटपटले. तेव्हा मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती.

शोध कसा घेतला ते सांगते. तोवर आम्ही घाण चादरी मोजत होतो. वॉर्डात बोचकं सोडून एक-दोन-तीन. आता कळतं की ते किती चूक होतं. माखलेला कपडा वॉर्डात झटकायचा, मोजायचा नाही, सरळ पिशवीत भरायचा. त्याचे जंतू हवेत उडतात, आणि मोजणीही कोणी नाक दाबून नीट करत नाही. मी स्वच्छ चादरी मोजायला लागले. वॉर्डाला आज किती दिल्या, धुऊन किती आल्या, रोज. पंधरा दिवसांत कुठल्या वॉर्डाचं भोक मोठं ते दिसायला लागलं.

सगळ्यात आधी कपाटं उघडली. ११८ चादरी कपाटांतच मिळाल्या! मॅकिन्टॉशच्या गुंडाळ्यांमागे, औषधांच्या रिकाम्या खोक्यांत, एका सिस्टरच्या कुलूपबंद ट्रंकेत. चोर म्हणावं तर या बायका स्वतःच्या घरी एक धागा नेत नव्हत्या. मग का? कारण रविवारी आणि सणावारी धुलाई बंद. गणपतीत तर तीन दिवस. ज्या बाईला माहीत आहे की उद्या चादर येणार नाही, ती आज चार लपवून ठेवणारच. घरी आपण पाहुण्यांसाठी चांगल्या चादरी वर ठेवतो ना, अगदी तसंच. मी फर्मान काढलं नाही. मामांशी बोलून रविवारी सकाळी एक खेप सुरू केली. दोन महिन्यांत लपवालपवी आपोआप थांबली.

दुसरं भोक पाहून व्यवस्थापकांचाच चेहरा उतरला. आधीच्या वर्षी काटकसर म्हणून फरशी पुसायच्या कापडाची खरेदी बंद केली होती. पण फरशी तर पुसायची होती. मग झाडूवाल्यांनी काय करावं? विरलेली चादर घ्यायची आणि फाडायची, नसेल विरलेली तर तीही. दहा-वीस रुपयांचं फडकं वाचवायला दीडशे रुपयांची चादर! कागदावर बचत झाली होती.

तिसरं, अँब्युलन्स. आपल्याकडून रुग्ण पुढे जातो कोल्हापूरला, मिरजेला, हुबळीला. स्ट्रेचरवर आमची चादर, अंगावर आमचं ब्लँकेट. रुग्ण तिकडे उतरतो, चादर तिकडेच राहते. तिथल्या लोकांच्या चादरी आमच्याकडे येतात का? येतात की! भांडारात मला तीन वेगवेगळ्या इस्पितळांच्या खुणा सापडल्या. तेव्हापासून ड्रायव्हरनं जितक्या नेल्या तितक्या तिथून उचलून आणायच्या, कोणाच्या का असेनात, असं ठरलं.

खरी चोरीही निघाली. नाही कशाला म्हणू? क्वार्टर्सकडे सहज चक्कर मारली तर एका खिडकीला आमच्या निळ्या दोऱ्याच्या दोन चादरी पडदे म्हणून झुलत होत्या. ती क्वार्टर एका डॉक्टरांची होती. गेटवर त्यांची पिशवी कोणी उलटी केलेली नव्हती. मी व्यवस्थापकांना खिडकीखाली नेऊन उभं केलं, काही बोलले नाही. झडती दुसऱ्या दिवशी बंद झाली.

राहिलं शेवटचं भोक. ते कुठे आहे हे मला शोधावं लागलं नाही. मला ते १९९९ पासून माहीत होतं.

इस्पितळात माणूस जातो तेव्हा त्याला अंथरलेल्या चादरीतच गुंडाळतात. नातेवाईक तसेच घेऊन जातात. ती चादर परत येत नाही, येऊही नये. पण रजिस्टरात ती माझ्या नावावर असते. १९९९ च्या पावसाळ्यात, भर पावसाच्या एका संध्याकाळी, खानापूर तालुक्यातला एक माणूस आपल्या आईला घेऊन जायला टेम्पो घेऊन आला होता. त्या महिन्यात माझ्या खात्यात बारा चादरी कमी होत्या आणि वरून मेमो आलेला. मी गेटपर्यंत गेले आणि म्हटलं, "चादर तेवढी द्यावी लागेल." तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, मी दुसरं काही म्हणतेय. मी पुन्हा म्हटलं. मग त्यानं टेम्पोत चढून आईच्या अंगाखालची चादर सोडवली, दवाखान्यात राहायला आणलेली कौदी तिच्यावर घातली, डोक्याचा पटका सोडून वरून बांधला. चादर घडी करून माझ्या हातात दिली. घडी करून!

मी ती जमा केली. त्या दिवशी रजिस्टर बरोबर लागलं.

हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. यजमानांनाही नाही. २००७ साली व्यवस्थापकांना मात्र सांगितलं, आणि म्हटलं, आता असं करू या. मांजरपाटाचा तागा आणू. माणूस गेला की त्याला कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून द्यायचं, चादर आपल्याकडे ठेवायची आणि कोणी काही मागायचं नाही. हिशेबनीस म्हणाले, गेलेल्या माणसांसाठी वेगळा खर्च कुठल्या खात्यात दाखवू? मी आकडे मांडले. एका चादरीच्या निम्म्यापेक्षा कमी पैशांत तेवढं मांजरपाट येतं. आकडे पटले. कोरं कापड मिळतं हे पाहून लोक हात जोडायला लागले, तेव्हा मला मान वर करता येईना.

धुलाईच्या खर्चाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पैसा तिथेच सगळ्यात जास्त जातो. मामांचं वय झालं तेव्हा एका कंत्राटदाराला काम दिलं, किलोवर. पहिल्या महिन्याचं बिल पाहून सगळे गार. तो वजन घ्यायचा ओल्या, माखलेल्या कपड्यांचं. पाण्याचंही वजन आम्ही मोजत होतो! पुढच्या करारात वजन धुऊन, वाळवून, घडी केलेल्या कपड्यांचं. बिल खाली आलं. घरात कोणी इस्पितळ किंवा लॉज चालवत असेल तर एवढं एक लक्षात ठेवा.

नंतर इस्पितळानं स्वतःची धुलाई घातली. ट्रस्टींना आधी वाळवायचं मशीन हवं होतं, कारण आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर मामांचं एकच वाक्य असे, "अक्कार, अरिवी ओणगिल्लरी." पण मामा, काम सोडलेलं असूनही, खास येऊन म्हणाले की आधी हायड्रो घ्या. हायड्रो म्हणजे कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं. पाणी फिरवून काढायला जेवढी वीज लागते त्याच्या कितीतरी पट जळण ते वाफ करून घालवायला लागतं. न शिकलेल्या माणसाचं हे गणित इंजिनिअरनंही मान्य केलं.

एक खर्च मात्र कुठल्याच रजिस्टरात येत नाही. धुलाईतल्या एका मुलाच्या तळहातात चादरीच्या घडीतून सुई घुसली. वॉर्डात कोणीतरी इंजेक्शन देऊन खाटेवरच टाकलेली. सहा महिने त्याच्या रक्ततपासण्या चालू होत्या आणि त्याची बायको दर वेळी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची. निभावलं, काही झालं नाही. पण त्यानंतर धुलाईतल्या प्रत्येकाला काविळीची, हेपेटायटिस बी ची लस तीन वेळा टोचून घेतली: पहिली, महिन्यानं दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. जाड हातमोजेही आले. "याची काय गरज" असं विचारणारे होतेच. त्यांना मी त्या बाईचा पत्ता देत असे.

क्रिमियाच्या लढाईत १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीला पोचल्या तेव्हा त्यांनी जवळच एक घर भाड्यानं घेतलं, तिथे पाणी तापवायची भांडी बसवली आणि सैनिकांच्या बायकांना धुण्याच्या कामाला लावलं. दिवा घेतलेली बाई सगळ्यांना आठवते, धुणं कोणाला आठवत नाही. आता तर शास्त्र पुष्कळ पुढे गेलं आहे. ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं, किंवा त्यापेक्षा कमी गरम पाणी पण योग्य औषध, असं मोजूनमापून धुतात. रक्तानं माखून बाद झालेलं कापड २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातं, भंगारात नाही. मोठ्या ठिकाणी चादरीत बारीक चिप शिवतात, ती कुठे आहे ते संगणकावर दिसतं.

आमच्याकडे बाद चादरीचंही नशीब ठरलेलं असे. मधला भाग विरतो, कडा धड राहतात. आमची आजी विरलेल्या लुगड्याला मधून कापून दांड घालायची, तसं चादरीचं करायचा मोह मलाही झाला. एक केलीही. पण मधली शिवण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीला टोचते, कातडी सोलते, आणि तशी जखम भरायला चादरीच्या किमतीच्या किती पट लागतात! म्हणून चांगल्या कडांचे अभ्रे आणि दुपटी, उरलेल्याची फरशीची फडकी. फडक्यांची खरेदी पुन्हा कधी करावी लागली नाही.

विहीणबाई आता बऱ्या आहेत. सूनबाईनं त्यांची पिशवी आवरताना त्यात इस्पितळाचा एक अभ्रा निघाला, गडबडीत घरच्या कपड्यांबरोबर आलेला. विहीणबाई म्हणाल्या, "होगली बिड्री, अवरू केळंगिल्ला." म्हणजे जाऊ द्या, ते विचारणार नाहीत. खरंच विचारणार नव्हते. मी तो धुतला, इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून परत द्यायला गेले. काउंटरवरच्या मुलीनं तो उलटसुलट करून पाहिला, संगणकात बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, "आंटी, यात 'परत आला' असं टाकायला जागाच नाही. ठेवून जा इथे." मी ठेवून आले. तो वॉर्डात पोचला की तिथेच काउंटरवर पडून राहिला, कोण जाणे. रिक्षाला जाऊन-येऊन ऐंशी रुपये पडले.